गुंजभर औषध

गुंजवण्याच्या माणसाने गुंजेपासून सुरुवात केली तर वाचकांनी रागावू नये. आमच्या गावाच्या नावाचा आणि त्या वेलीचा संबंध आहे की नाही, या वादात मी पडत नाही. पण लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ती बी लहानपणापासून पाहत आलो. सोनार तिच्याने सोने तोलत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक आम्ही शाळेत घोकले होते. वैद्यही भस्माची मात्रा गुंजेतच सांगत. एका गुंजेचे वजन आजच्या मापाने साधारण १२० मिलिग्रॅम. गंमत अशी, की जिच्याने औषध मोजायचे ती बी स्वतः जहाल विष. म्हातारी माणसे आम्हा पोरांच्या हातातून ती काढून घेत, ते आठवते.

आज हे सांगायचे कारण वेगळे आहे. माझी भाची गेली पंधरा वर्षे मेलबर्नला असते. तिचा फोन आला. "मामा, दादासाठी इकडे एक उपचार निघालाय. मशरूममधल्या औषधाचा. एक-दोन वेळाच देतात म्हणे. त्याला इकडे आणू का?" हा दादा म्हणजे माझा पुतण्या. त्याची परवानगी घेऊन लिहितो आहे, म्हणून नाव नाही. चार वर्षे झाली, त्याच्या मनावरचे मळभ हटत नाही. गोळ्या बदलून झाल्या, डॉक्टर बदलून झाले. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात तीन तास थांबल्यावर त्याला पाच मिनिटे मिळाली, तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टर वाईट नव्हते, बाहेर माणसेच तेवढी होती. भाचीचा फोन झाल्यावर घरातल्या एका तरुणाने तर सुचवले, की इतक्या लांब कशाला, कोडाईकनालकडे तसली मशरूम मिळतात, आणू या. मग मात्र मला राहवेना.

मी डॉक्टर नव्हे. चौतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. तेव्हा या प्रकाराकडे मला इतिहासाच्याच वाटेने जाता येते. गेले दोन महिने जे मिळाले ते वाचले, न कळलेले दोन माजी विद्यार्थ्यांना विचारले. त्यातले एक डॉक्टर आहेत, एक औषधनिर्माते. मंडळी, लेख जरा लांबणार आहे.

गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या बाझल या शहरात. तिथल्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. धान्याच्या कणसावर पडणाऱ्या अरगट या बुरशीतून औषधे काढण्याचे त्यांचे काम. १९३८ मध्ये त्यांनी एलएसडी तयार केले आणि ते निरुपयोगी म्हणून बाजूला पडले. १६ एप्रिल १९४३ रोजी पुन्हा हाताळताना त्यांना चमत्कारिक वाटू लागले. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्यांनी जाणूनबुजून २५० मायक्रोग्रॅम घेतले. आपल्या भाषेत सांगायचे तर एका गुंजेचे पाचशे भाग करावेत आणि त्यातला एक उचलावा. तेवढ्याने तो माणूस काही तास या जगात नव्हता. सायकलवरून कसाबसा घरी पोचला.

१९४७ पासून कंपनी हे द्रव्य डॉक्टरांना पुरवू लागली. पुढच्या पंधरा-अठरा वर्षांत त्यावर हजारभर शोधनिबंध निघाले. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड यांनी ते दारूच्या व्यसनात अडकलेल्यांना देऊन पाहिले. 'सायकेडेलिक' हा शब्दही त्यांचाच, १९५७ चा. ग्रीक भाषेतल्या 'मन' आणि 'उघड करणे' या दोन शब्दांपासून केलेला. प्रागमध्ये स्टानिस्लाव ग्रोफ हेच काम करत होते. मग साठीच्या दशकात ते द्रव्य दवाखान्यातून रस्त्यावर आले, हिप्पी आले, १९६५ मध्ये सँडोझने पुरवठा थांबवला, आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ही द्रव्ये सर्वांत कडक यादीत गेली.

ही कथा सहसा अशी सांगतात, की हिप्पींनी खेळ बिघडवला आणि सरकारने दार लावले. ते अर्धेच खरे आहे. थॅलिडोमाइडमुळे अपंग मुले जन्मल्यावर १९६२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की औषध सुरक्षित आहे एवढे म्हणून भागणार नाही, ते गुण देते हे तुलना करून सिद्ध करा. त्या हजारभर निबंधांतले पुष्कळसे या कसोटीला उतरणारे नव्हते. डॉक्टरांनी रुग्णाला बरे वाटले असे लिहिले होते. कशाच्या तुलनेत, किती जणांना, किती दिवस, हे नीट लिहिलेच नव्हते. उत्तर बरोबर असेलही, पण रीत दाखवली नाही तर गुण कसे द्यायचे? शिक्षक म्हणून मला हे लगेच पटले.

आता तुम्ही म्हणाल, यात आपले काय? म्हणून सर्पगंधेकडे येतो. बाझलमध्ये एलएसडी ज्या काळात हाताळले जात होते, त्याच काळात आपल्याकडच्या एका मुळीने त्याच शहरात जाऊन इतिहास घडवला, आणि त्याचा महत्त्वाचा दुवा मुंबईत आहे.

सर्पगंधेची मुळी आयुर्वेदात जुनीच. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की ही वनस्पती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. म्हणजे दोन्ही गोष्टी तेव्हाच छापून आल्या होत्या. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी यांनी मुळीतून काही अर्क वेगळे काढले आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन म्हटले. पण जगाने लक्ष दिले नाही. हिंदुस्थानातल्या नियतकालिकात आलेले लंडन-बोस्टनला कोण वाचणार?

मग आले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे आपले अनुभव आकडे मांडून लिहिले आणि १९४९ मध्ये ते 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आणले. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी त्याची दखल घेऊन आपल्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली. दाब उतरतोच, शिवाय रुग्ण शांत होतात, असे त्यांना दिसले. १९५२ मध्ये बाझलच्याच सिबा कंपनीने मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. तेच रेसर्पिन. (सिबाचे वारस आणि सँडोझ १९९६ मध्ये एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली. म्हणजे एलएसडी आणि रेसर्पिन आज कागदोपत्री एकाच घरची भावंडे ठरतात!) १९५३ मध्ये अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवर केलेल्या उपयोगाची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली, ती नेथन क्लाइन यांच्या नजरेस पडली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या रुग्णालयातले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिथे साखळदंड, थंड पाण्याचे फवारे आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया एवढीच साधने होती, तिथे गोळीने माणसे शांत होऊ लागली. १९५७ चे लास्कर पारितोषिक क्लाइन यांनाही मिळाले आणि आपल्या वकिलांनाही. सेन-बोस यांच्यापासून मोजले तर सव्वीस वर्षे.

या दोन भावंडांनी मिळून आणखी एक काम केले. ते मला सर्वांत नवलाचे वाटते. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य असते, हे तेव्हा नुकतेच कळले होते. १९५४ मध्ये वुली आणि शॉ यांनी मांडले, की एलएसडीची घडण सेरोटोनिनसारखी आहे, म्हणून ते त्याच्या कामात ढवळाढवळ करत असावे. १९५५ मध्ये ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की रेसर्पिन दिले की शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. एक मन उधळणारे, दुसरे मन निजवणारे, आणि दोघांचीही बोटे एकाच कुलपाकडे! १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे दगडासारखे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचले, तर ते उठून हिंडू लागले. कंपवाताचे आजचे औषध या वाटेने सापडले आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. पुतण्या आज ज्या गोळ्या घेतो त्यांच्या जन्मकथेतही ही मुळी आहे.

पण रेसर्पिनचे पुढे काय झाले? काही रुग्ण त्यावर खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. त्यांचा अर्थ तज्ज्ञ आजही वेगवेगळा लावतात. क्लोरप्रोमझिन हे दुसरे औषध सोयीचे ठरले आणि रेसर्पिन मागे पडले. तोवर मुळ्यांची मागणी मात्र इतकी वाढली होती, की जंगलेच्या जंगले उपसली गेली. पन्नाशीच्या दशकात सरकारला कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधन घालावे लागले. परदेशी कंपन्या मग आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीकडे वळल्या. सर्पगंधेच्या जागतिक व्यापारावर १९९० पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. मुळी खणणाऱ्या आदिवासीचे नाव या साऱ्या कथेत कुठेच येत नाही.

मशरूमची कथाही अशीच आहे. मेक्सिकोतल्या वाहुत्ला गावी मारिया साबिना नावाची मझाटेक जमातीची बाई होती. रात्री, अंधारात, मंत्र म्हणत, आजाऱ्याशेजारी बसून ती हा विधी करी. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हे अमेरिकन बँकर तिच्याकडे बसले आणि १९५७ मध्ये त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकात ते जगाला सांगितले. पुढच्याच वर्षी हॉफमन यांनी त्या मशरूममधून सायलोसायबिन वेगळे काढले. मग गावात परदेशी तरुणांची रीघ लागली, पोलीस आले, गावकरी तिच्यावर उलटले, तिचे घर जाळले गेले. वॉसन यांनी नंतर १९६८ मध्ये पुस्तक लिहून आपल्या वेदांतला सोम म्हणजेही एक मशरूम असे ठोकून दिले. पुण्यातले वैदिक विद्वान चिं. ग. काशीकर यांनी टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने १९९० मध्ये काढलेल्या पुस्तकात सोमाची ओळख एफेड्रा या झुडपाशी पटवली. मला काशीकरांचे म्हणणे अधिक सावध वाटते. आपल्याकडे हल्ली 'हे सगळे आमच्या ऋषींना ठाऊक होते' अशी जी लाट येते, तिच्यात वाहून जाण्याआधी त्यांचे वाचावे. असो.

आता एका जुन्या सरकारी अहवालाविषयी. शाळेत असतो तर यावर मी एक अख्खा तास घेतला असता. गांजा-भांगेने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाली. पार्लमेंटात प्रश्न आला आणि १८९३ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. आयोग प्रांतोप्रांत हिंडला, मुंबई इलाख्यातही साक्षी झाल्या. आपल्या नगर जिल्ह्यात तेव्हा गांजाचे पीक घेत. एकूण ११९३ साक्षीदार. आयोगाने एक साधी गोष्ट केली. इस्पितळांच्या नोंदवहीत ज्यांच्यापुढे वेडाचे कारण 'गांजा' असे लिहिले होते, त्यांची प्रकरणे मुळापासून तपासली. तेव्हा कळले, की तो रकाना डॉक्टरने भरलेलाच नसे. पोलिसाने रुग्णाबरोबर पाठवलेल्या कागदावर जे असेल ते कारकून उतरवी. पोलिसाला कारण ठाऊक नसे आणि रकाना मोकळा ठेवता येत नसे, म्हणून 'गांजा'. छाननीत निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. १८९४ च्या अहवालाने सांगितले, की बेताने घेणाऱ्यांत हानी फारशी नाही, अति घेणाऱ्यांत आहे, आणि सरसकट बंदीची गरज नाही. हाताशी धरलेल्या परदेशी सरकारच्या महसुलाचा त्यात संबंध नव्हता असे मी म्हणणार नाही. पण ती छाननी नमुनेदार होती.

मीही जन्मभर रकाने भरले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो. 'घरची गरिबी', 'स्थलांतर' असे दोन-चार शब्द ठरलेले. पोरगी का गेली हे त्या रकान्यात कधीच मावले नाही. म्हणून आता कुठल्याही उपचाराचे आकडे पाहताना माझी पहिली शंका असते, की हा रकाना कोणी भरला?

त्या नजरेने आजचे आकडे पाहू. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासाने सायलोसायबिनचे संशोधन पुन्हा मार्गी लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १० देशांतले २३३ रुग्ण, सगळे औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे, म्हणजे पुतण्यासारखे. एका गटाला २५ मिलिग्रॅम (गुंजेचा पाचवा भाग), दुसऱ्याला १०, तिसऱ्याला नावापुरते १. तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेच्या गटात ३७ टक्के लोकांना ठळक सुधारणा दिसली, नावापुरत्या गटात १८ टक्क्यांना. बारा आठवडे ती टिकली ती पहिल्या गटात २० टक्क्यांची, शेवटच्या गटात १० टक्क्यांची. म्हणजे गुण आहे. एकाच मात्रेने इतका गुण ही लहान गोष्ट नाही. पण शंभरातल्या ऐंशींना तीन महिन्यांनी तो उरला नव्हता, हेही त्याच कागदावर आहे. भाचीने मला पाठवलेल्या जाहिरातवजा लेखात पहिला आकडा होता, दुसरा नव्हता.

आणखी एक अडचण आहे. नव्या औषधाच्या चाचणीत कोणाला खरे औषध आणि कोणाला खोटे हे रुग्णालाही कळू द्यायचे नसते, तपासणाऱ्यालाही नाही. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी. पण इथे ज्याला खरे मिळाले त्याला अर्ध्या तासात भिंती हलताना दिसतात! आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी सुटून पडावी तसे. मग ज्याला मिळाले तो आशेने बरा होतो, आणि ज्याला नाही तो निराशेने आणखी खचतो. यावर अजून कोणाला पक्का उपाय सापडलेला नाही.

आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे शेजारी बसणारा माणूस. सायलोसायबिनचा अंमल सहा ते आठ तास राहतो. तेवढा वेळ रुग्ण लहान मुलासारखा उघडा असतो, कोणी काही सांगितले तर पटावे अशा अवस्थेत. म्हणून बहुधा दोघे उपचारक खोलीत असतात. आधी ओळख व्हावी म्हणून काही बैठकी, नंतर जे दिसले-आठवले त्याचा अर्थ लावायला आणखी काही. कॅनडातल्या एका केंद्रावर एमडीएमए या द्रव्याच्या चाचणीत उपचारकांनीच रुग्ण बाईशी गैरवर्तन केल्याचे उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये 'सायकोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकाने त्यापायी तीन निबंध मागे घेतले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमडीएमएच्या उपचाराला मान्यता नाकारून आणखी चाचणी करायला सांगितली. जूनमध्ये त्यांच्या सल्लागार समितीने ९ विरुद्ध २ मतांनी परिणामकारकता सिद्ध झाली नाही असे म्हटलेच होते. ऑस्ट्रेलियाने मात्र १ जुलै २०२३ पासून, खास अधिकार दिलेल्या मनोविकारतज्ज्ञांना ही दोन्ही द्रव्ये ठराविक आजारांत द्यायची मुभा दिली आहे. भाचीचा फोन त्यावरून. खर्च हजारो डॉलरचा.

भारतात काय? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत एलएसडी, सायलोसायबिन, एमडीएमए सगळे आहेत. कोडाईकनालवाल्या आमच्या तरुणाने एवढे तरी लक्षात ठेवावे. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी कायद्यात वाट ठेवली आहे, पण परवान्यांची. ती वाट किती अरुंद होते हे मॉर्फिनच्या उदाहरणावरून दिसते. देशात अफू सरकारी परवान्याने पिकते, परदेशी जाते, आणि १९८५ नंतर आपल्याच कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले. परवाने इतके, की औषधविक्रेते ठेवेनात. वेदनाशमनाचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे धरणे धरल्यागत पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. तीस वर्षे. या वर्गाच्या जवळ जाणारे एकच औषध आपल्याकडे दवाखान्यात आहे, ते केटामिन. भूल देण्यासाठी खेडोपाडी वापरतात. २००० सालच्या एका लहान अभ्यासात ते नैराश्यावर झपाट्याने चालते असे दिसले, आणि आपल्याकडचेही काही मनोविकारतज्ज्ञ आता देखरेखीखाली ते देतात. त्याचा गुण टिकायला मात्र मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात.

कायदा उद्या बदलेलही. मला दुसरेच गणित भिववते. दोन उपचारक, आठ तास. म्हणजे सोळा तास एका रुग्णाला, तेही फक्त औषधाच्या दिवशी. पुतण्याला मिळाली तशी पाच मिनिटे धरली, तर त्या सोळा तासांत १९२ माणसे तपासून होतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे देशात लाख लोकांमागे एकही पुरा मनोविकारतज्ज्ञ नाही, पाऊण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना आढळले. आमच्या खोऱ्यातून साखर, मार्गासनी, नसरापूर करत पुण्याला पोचायचे तर माणसाचा दिवस मोडतो, मजुरी बुडते. तेव्हा असा उपचार इथे आला तर तो कोणाच्या दारी येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि तरी मला यातच वाट दिसते. सोबत बसणारे माणूस डॉक्टरच असले पाहिजे का? या प्रश्नाचे उत्तर गोव्यात सापडले आहे. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच साध्या स्त्री-पुरुषांना शिकवून समुपदेशक केले. कसलीही वैद्यकीय पदवी नसलेले लोक. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा-आठ बैठकी करायच्या, अडलेली कामे पुन्हा हळूहळू सुरू करायला मदत करायची. २०१७ मध्ये 'लान्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षाप्रमाणे नेहमीच्या उपचारांबरोबर या बैठकी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत आजारातून बाहेर आले, बैठकी न मिळालेल्यांत ३९ टक्के. निदान तपासणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मोजून, दोन्ही गटांचे आकडे देऊन. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या उपक्रमाने असेच काम केले. तिथे नैराश्य असलेल्यांत कोणाकडे तरी मदत मागायला जाणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्यांच्या बातम्यांनी काळवंडलेल्या विदर्भात हे घडले आहे. कोणतेही नवे द्रव्य नाही. मारिया साबिना जे करी त्यातले मशरूम वगळून उरलेले, असे म्हटले तर डॉक्टर मंडळी हसतील, हसोत.

उद्या सायलोसायबिन खरोखर सिद्ध झाले आणि आपल्या कायद्याने त्याला दार उघडले, तर त्या खोलीत बसायला हीच माणसे लागतील. ती आधी तयार करता येतात, त्यांना कुठलाही परवाना लागत नाही. आमच्या तालुक्यात शिकलेल्या, घरी बसलेल्या मुली काही कमी नाहीत. आशा सेविकांच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवू नये एवढे मात्र कोणीतरी बघावे.

पुतण्याचे सध्या असे चालले आहे, की गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, त्या मनाने बंद करायच्या नाहीत असे ठरले आहे. आठवड्यातून एकदा एक समुपदेशक बाई त्याच्याशी फोनवर तासभर बोलतात. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे, तिथूनच ही वाट सापडली. नातेवाइकांनी हा क्रमांक टिपून ठेवावा, रात्रीही लागतो. केटामिनविषयी त्याच्या डॉक्टरांना विचारायचे आहे. प्रश्न एका कागदावर लिहून ठेवले आहेत, म्हणजे पाच मिनिटांत मावतील.

भाचीला मी कळवले, की नाही म्हणत नाही, पण आधी तिथल्या डॉक्टरांना चार गोष्टी विचार. आजवर किती जणांना दिले आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचे पुढे काय झाले. खोलीत कोण दोघे बसणार, आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार. ज्याला मनातले इंग्रजीत सांगता येत नाही अशा माणसाशी ते मराठीत बोलणार कसे. आणि तो परत गुंजवण्याला आल्यावर, समजा दोन महिन्यांनी रात्री दोन वाजता त्याला पुन्हा अंधारून आले, तर फोन कोण उचलणार.

तिने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मागवली आहेत. चौथ्यावर ती म्हणाली, "मामा, ते तर आपल्यालाच बघावं लागेल." तिसऱ्याचे अजून काही ठरलेले नाही.